थर्मल कॅमेऱ्यातली मूळ फाइल कशी जपायची

सगळ्यात आधी ते मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात विजेचे पॅनेल थर्मल कॅमेऱ्याने (उष्णता टिपून तापमान दाखवणाऱ्या) स्कॅन केले, फोटो मोबाइलवर घेऊन व्हॉट्सअपने ऑफिसला पाठवले आणि आता सॉफ्टवेअरमध्ये तापमानच दिसत नाही. शिवाय कुठला फोटो कुठल्या पॅनेलचा, तेही कळेना. कार्डावर मूळ फायली असतील तर तुमचं काहीच गेलेलं नाही. डिलीट केल्या असल्या तरी त्या जागी नवीन काही लिहिलं गेलं नसेल, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळतात. म्हणून त्या कार्डावर आता एकही नवा फोटो नको.

झालं काय ते सांगतो. फ्लिर कंपनीच्या कॅमेऱ्यासारख्या कॅमेऱ्याची फाइल दिसायला साधी जेपेग असते, पण रंगीत चित्राच्या मागे प्रत्येक पिक्सेलचं मोजमाप साठवलेलं असतं. ३२० बाय २४० चा कॅमेरा असेल तर एका फोटोत ७६,८०० ठिकाणची मोजमापं. सोबत इमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो, त्याचं ० ते १ मधलं माप), परावर्तित तापमान (आसपासच्या वस्तूंचं, ज्याचं प्रतिबिंब पृष्ठभागावर पडतं), अंतर ही सेटिंगही. व्हॉट्सअपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलं की चित्र नव्याने दाबून लहान केलं जातं. रंग राहतात, आतले आकडे जातात. रस काढून घेतलेलं चिपाड उरतं, त्यातून पुन्हा रस निघत नाही. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. कॉम्प्युटरवर फोटो आडवा दिसतोय म्हणून फिरवून सेव्ह करणं हेही टाळा, त्यातही आतला डेटा उडू शकतो. फ्लूक कंपनीच्या कॅमेऱ्याची आयएस२ किंवा टेस्टोच्या कॅमेऱ्याची बीएमटी फाइल असेल तर ती मोबाइलच्या गॅलरीत उघडतच नाही. मग लोक जेपेग काढून घेतात आणि मूळ फाइल पुसून टाकतात. नुकसान तेच. काही कॅमेऱ्यांत साधी जेपेग की तापमानासकट, असा पर्याय मेनूत असतो. तो कामाला जाण्याआधी बघून घ्या.

मूळ फाइल हातात असली की इमिसिव्हिटी, रंगपट्टी, कमाल-किमान मर्यादा, अंतर हे सगळं ऑफिसात बसून बदलता येतं. फोकस मात्र बदलता येत नाही. तापमानाची रेंज चुकली तर तीही नाही, आणि कुठल्या कोनातून फोटो घेतला तेही नाही. त्यामुळे बटण दाबण्याआधी या तीन गोष्टींना वेळ द्या. तुमच्याकडे पत्र्याचं शेड आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. मे महिन्यात दुपारी सोलापुरातला पत्रा किती तापतो ते तुम्हाला माहीतच आहे. चकचकीत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बसबारची (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या जाड पट्टीची) इमिसिव्हिटी ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी असते. म्हणजे कॅमेऱ्याला बसबारची उष्णता कमी आणि वरच्या पत्र्याचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. जरा बाजूला सरकून बघा. गरम ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब. जागेवर राहिला तर लक्ष घाला आणि शेजारच्या केबलच्या पीव्हीसी आवरणावरचं तापमान बघा. तिथली इमिसिव्हिटी ०.९ च्या पुढे असते, आकडा भरवशाचा मिळतो. लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडावर) सुताची धूळ साचली असेल तर कॅमेरा धुळीचा पृष्ठभाग वाचतो, आतलं लग त्याहून गरम असू शकतं. हेही तिथल्या तिथे लिहून ठेवा, कारण ऑफिसात फोटो बघताना ते लक्षात राहत नाही.

आता कुठला फोटो कुठला, याबद्दल. प्रत्येक पॅनेलला सुरुवात करताना पहिला फोटो पॅनेलच्या नावपट्टीचा, साधा डिजिटल. थर्मल फोटोत नुसतं नाव लिहिलेलं बहुधा दिसत नाही, कारण रंग आणि पत्रा एकाच तापमानाला असतात. त्यानंतर त्या पॅनेलचे थर्मल फोटो. मग पुढच्या पॅनेलची नावपट्टी. कार्डावर फायली क्रमानेच पडतात, त्यामुळे नंतर वेगळ्या करणं सोपं जातं. कॅमेऱ्यात आवाजाची किंवा मजकुराची नोंद जोडायची सोय असेल तर जरूर वापरा.

आणि टाँग टेस्टर (केबलभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) सोबत ठेवाच. तिन्ही फेजचा करंट नोंदवला नसेल तर तापमानाचा आकडा अर्धवट आहे. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. निम्मे माग बंद असताना तीन फेजपैकी समजा वाय फेजचं लग बाकीच्या दोघांपेक्षा १० अंशांनी गरम दिसलं, तर पूर्ण लोडवर तोच फरक ३०-४० अंशांपर्यंत जाऊ शकतो. नेटा या अमेरिकी टेस्टिंग संघटनेच्या तक्त्यात सारख्या लोडवरच्या सारख्या भागांत १५ अंशांपेक्षा जास्त फरक म्हणजे ताबडतोब दुरुस्ती. लोड माहीत नसेल तर तो तक्ता लावणार कसा? मालकाला ‘सध्या ठीक आहे’ असं सांगून आपण निघून यायचं आणि रात्रपाळीला सगळे माग चालू झाल्यावर ते लग जळायचं, असं होऊ देऊ नका.

ऑफिसात आल्यावर फोल्डरला तारीख, कारखाना, पॅनेल असं नाव द्या. फायलींची नावं तशीच राहू द्या, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत थर्मल आणि साधा फोटो यांची जोडी नावावरूनच जुळते. मूळ फोल्डर ‘रीड ओन्ली’ करा, रिपोर्टचं काम कॉपीवर. दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर. दोन-चार फायली सॉफ्टवेअरमध्ये उघडून तापमान दिसतंय याची खात्री झाली, मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातूनच. बॅटरी पूर्ण उतरली की काही कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते, तेव्हा निघताना घड्याळावर एक नजर टाका.

जुन्या फायली किती दिवस ठेवायच्या, असंही तुम्ही विचारलंय. मी तरी पुसत नाही. लग घट्ट केल्यावर त्याच जागेवरून, साधारण तेवढ्याच लोडवर पुन्हा फोटो घ्या आणि दोन्ही एकाच रंगपट्टीवर शेजारी शेजारी लावा. दुरुस्ती झाली की नाही हे मालकाला त्यातून कळतं, आणि पुढच्या वर्षी त्याच पॅनेलला गेलात की तुमच्याकडे तुलनेला काहीतरी असतं. कार्डावरून काय मिळालं ते इथे जरूर कळवा. रिकव्हरीत अडलात तर कॅमेऱ्याचं मॉडेल लिहा, बघू.