बुलेट, मॉड्यूल की पट्टी? दिवाळीच्या पिक्सेल रोषणाईविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नेरुळ) : आमच्या चार मजली सोसायटीत यंदा दिवाळीची रोषणाई डेकोरेटरला न देता रहिवाशांनीच करायचे ठरले आहे. प्रवेशद्वाराची अर्धगोल कमान, गच्चीच्या कठड्याची रस्त्याकडची सुमारे २४ मीटर लांबी आणि कमानीखाली टांगायचा सनपॅक शीटचा (आत पोकळ नळ्या असलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याचा) पाच फुटी आकाशकंदील, एवढे काम आहे. लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने पिक्सेल दिव्यांचे, म्हणजे ज्यांत प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो अशा दिव्यांचे, बुलेट (गोळीच्या आकाराचे दिवे), चौकोनी मॉड्यूल आणि पट्टी (चिकटवायची लवचीक फीत) असे तीन प्रकार दाखवले व तिन्हींत चिप एकच असल्याचे सांगितले. मग आकार कोणता घ्यावा, हे कशावरून ठरवायचे?

उत्तर : दुकानदाराने सांगितले ते बहुतेक वेळा खरे असते. या तिन्ही प्रकारांत सहसा वर्ल्डसेमी या चिनी कंपनीची डब्ल्यूएस २८११ किंवा तिच्याशी जुळणारी चिप असते. कंट्रोलरकडून, म्हणजे दिव्यांना रंगांच्या सूचना देणाऱ्या छोट्या उपकरणाकडून, आलेल्या माहितीतले पहिले २४ बिट, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे प्रत्येकी ८, ही चिप स्वतःसाठी ठेवून घेते आणि उरलेली माहिती पुढच्या पिक्सेलकडे सोडते. सेकंदाला ८ लाख बिट या वेगाने एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५०० पिक्सेलची साखळी १५ मिलिसेकंदांत भरते. तुमच्या कामासाठी हा वेग भरपूर आहे. त्यामुळे रंग, हालचाल आणि कंट्रोलरची मांडणी यांत आकारामुळे काही फरक पडत नाही. दिवा कशावर बसतो, त्याचा उजेड कोणीकडे पडतो आणि पाणी कुठून शिरते, या तीन गोष्टी मात्र आकारच ठरवतो, आणि तुमच्या तिन्ही जागा या दृष्टीने पारखून पाहिल्या पाहिजेत.

कमानीसाठी पट्टी हा पर्याय मनात आला असेल तर तो सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगतो. पट्टी तिच्या सपाट अंगाने वाकते, कडेच्या दिशेने वाकत नाही. कमानीच्या दर्शनी बाजूवर ती गोलाईने चिकटवू लागलात की आतल्या कडेला चुण्या पडतात, ताण येऊन तांब्याचा पातळ थर तडकतो आणि काही दिवसांनी अर्धी कमान अंधारात जाते. बुलेटच्या माळेत दोन दिव्यांच्या मध्ये नुसत्या तारा असल्यामुळे ती कोणत्याही वळणावरून नेता येते. आकाशकंदिलासाठी तर बुलेटला पर्यायच नाही, कारण ती शीटला छिद्र पाडून त्यात बसवण्यासाठीच घडवलेली असते. तिचा व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो, पण मालागणिक त्यात थोडा फरक पडतो. म्हणून सगळी शीट भोकण्याआधी उरलेल्या तुकड्यावर एक छिद्र पाडून पाहावे. मागून अंगठ्याने दाबल्यावर बुलेट जरा अडून मग ‘टक्’ असा आवाज करून बसली पाहिजे, आणि तार ओढली तरी मागे निसटता कामा नये. छिद्रासाठी ड्रिलच्या साध्या पात्याऐवजी स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारे पाते) वापरल्यास कडा फाटत नाहीत. शीटमधल्या पोकळ नळ्या उभ्या राहतील अशी ती कापावी, म्हणजे आत गेलेले पाणी खाली निथळून जाते.

नक्षी कागदावर आखण्याआधी तारेची लांबी मोजायला विसरू नये. बाजारातल्या बहुतेक बुलेट माळांत दोन दिव्यांमधली तार सुमारे १० सेंटिमीटर असते. छिद्रे याहून जवळ असली तर जास्तीची तार शीटमागे दडते; पण दूर असली तर दिवा पोचतच नाही आणि प्रत्येक ठिकाणी जोड देत बसावे लागते.

कठड्यासाठी चौकोनी मॉड्यूल योग्य वाटणे स्वाभाविक आहे. त्याची पाठ सपाट असते, त्याला स्क्रूची भोकेही असतात. तरीही येथेसुद्धा माझा कल बुलेटकडेच आहे, आणि त्याचे कारण पाहणारा कुठे उभा राहणार हे आहे. चार मजली कठड्यावर बाहेर तोंड करून लावलेले सपाट मॉड्यूल समोरच्या इमारतीतून छान दिसते, पण गेटपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते तिरकस कोनातून, बरेच मंद दिसते. बुलेटचे दुधी डोके बाहेर डोकावत असल्याने खालूनही उजळ दिसते. खरेदी करताना पारदर्शक नव्हे, दुधी डोक्याची बुलेट मागावी. सनपॅकच्या तीन इंच रुंद पट्ट्यांवर ८ सेंटिमीटर अंतराने छिद्रे पाडली तर २४ मीटरमध्ये ३०० दिवे, म्हणजे ५० दिव्यांच्या ६ माळा बसतात. त्या पट्ट्या कठड्याला केबल टायने बांधाव्यात. अरुंद असल्याने वारा त्यांना फारसा धरत नाही.

आकार ठरला की ५ व्होल्ट की १२ व्होल्ट हा प्रश्न उरतो, आणि लांब कठड्याच्या बाबतीत तो आकाराइतकाच महत्त्वाचा आहे. तारेतून जाताना व्होल्टेज घटते. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, निळ्या आणि हिरव्याला मात्र ३ व्होल्टच्या आसपास लागतात. त्यामुळे माळेच्या शेवटाकडे व्होल्टेज उतरले की आधी निळा रंग मंदावतो आणि पांढरा उजेड पिवळट, मग लालसर होत जातो. सगळे दिवे पांढरे करून शेवटच्या दहा दिव्यांकडे पाहिले की वीज पुरेशी पोचते आहे की नाही, हे मीटरशिवायही कळते. ५ व्होल्टच्या माळेला साधारण दर ५० दिव्यांनंतर पुन्हा वीज जोडावी लागते, १२ व्होल्टच्या माळेला मध्यम उजेडात दर १०० दिव्यांनंतर. १२ व्होल्टच्या बुलेटमध्ये बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते हे खरे असले, तरी गच्चीवर सहा ठिकाणी जाड वायर ओढण्यापेक्षा हा तोटा परवडतो. पूर्ण पांढऱ्या उजेडात दिव्याला ६० मिलिअँपिअर धरले तर ३०० दिव्यांना १८ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टवर २१६ वॅट लागतील, आणि ३५० वॅटचा पॉवर सप्लाय त्यासाठी निवांत पुरेल. प्रत्यक्षात रात्री ३० टक्के उजेडही डोळ्यांना भरपूर वाटतो. डब्ल्यूलेड हे मोफत सॉफ्टवेअर ईएसपी ३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालवल्यास त्यात विजेची कमाल मर्यादा घालता येते. ती जरूर घालावी. कमान आणि कंदील यांनाही १२ व्होल्टच्याच बुलेट घ्याव्यात, आणि शक्यतो सगळा माल एकाच वेळी, एकाच लॉटमधून घ्यावा, नाहीतर शेजारशेजारचा केशरी रंग दोन तऱ्हांचा दिसतो.

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे) : बाल्कनीसाठी दुधी अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे कापून घेतली आहेत. पेटीची खोली ३ इंच आहे. गेल्या वर्षी उरलेल्या बुलेट आत लावून पाहिल्या, तर अक्षराऐवजी ठिपकेच दिसतात. दिवे वाढवावेत का?

उत्तर : दिवे वाढवून थोडा फरक पडेल, पण येथे प्रकारच बदललेला बरा. बुलेटचा उजेड प्रामुख्याने पुढे पडतो, आणि पडद्यामागे तो पसरायला तीन इंचांत वाव मिळत नाही. दुकानांच्या पाट्यांत वापरतात ती आयताकृती, तीन एलईडींची, वर भिंग असलेली मॉड्यूल घ्यावीत. त्यांचे भिंग उजेड आडवा पसरवते. दोन मॉड्यूलमधले अंतर पेटीच्या खोलीपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणजे तुमच्या पेटीत ते ३ इंचांच्या आतच हवे. १२ व्होल्टच्या अशा मॉड्यूलमध्ये तिन्ही एलईडींना मिळून एकच चिप असते, त्यामुळे ती एकाच रंगात पेटतात. अक्षरांसाठी तेवढे पुरते.

शिरोरेषेचा विचार मात्र वेगळा करावा. ती सरळ आणि अरुंद असल्याने तेथे पट्टीच शोभते, आणि रंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना पाहायचा असेल तर बारीक पिक्सेलही हवेत. डब्ल्यूएस २८११ च्या १२ व्होल्टच्या पट्टीत मीटरला ६० एलईडी असले तरी तीन-तीनचा गट असल्याने पिक्सेल २० च मिळतात. डब्ल्यूएस २८१५ च्या पट्टीत त्याच १२ व्होल्टवर प्रत्येक एलईडी वेगळा चालवता येतो. मॉड्यूलमागच्या दोन बाजूंच्या टेपवर विसंबू नये. उन्हाने तापलेल्या पेटीत ती सुटते. प्रत्येक मॉड्यूलला एक स्क्रू द्यावा.

प्रश्न (ऐरोली) : गणपतीत लावलेली बुलेटची माळ दिवाळीपर्यंत तशीच बाहेर ठेवली तर चालेल का? तिच्यावर आयपी ६८ असे लिहिलेले आहे.

उत्तर : पाणी आणि धूळ रोखण्याचा तो दर्जा बुलेटच्या रेझिन भरलेल्या भागापुरता समजावा. बुलेट पावसात टिकते. बिघाड होतो तो दोन माळांच्या जोडापाशी. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत कनेक्टरमध्ये एक थेंब राहिला तरी पितळी पिनेवर हिरवट थर चढतो. माळ ठेवायचीच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंच्या तारा खाली झुकत्या ठेवाव्यात, म्हणजे पाणी जोडापर्यंत न वाहता झोळातूनच टपकेल. पॉवर सप्लाय मात्र काढून घरात घ्यावा, आणि पुन्हा लावताना २३० व्होल्टची बाजू ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागेच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागेच) जोडावी. त्यानंतर माळ मध्येच बंद पडलेली आढळली तर सगळी उतरवू नये. शेवटचा नीट पेटणारा दिवा आणि पहिला न पेटणारा दिवा, या दोघांत किंवा त्यांच्यामधल्या तारेत दोष असतो. आधी पहिला न पेटणारा बदलून पाहावा, आणि तरीही पुढचे पेटले नाहीत तर त्याच्या आधीचा.