ऊर्जा अक्षय्य का असते? यामागे काही कारण आहे, की नुसता अनुभव?

कारण आहे, आणि ते गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये गणिताने सिद्ध केलं. (तेव्हा जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात त्यांना स्वतःच्या नावावर शिकवायचीही परवानगी नव्हती, त्यांची व्याख्यानं तिथले गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या नावाने लागायची!) निसर्गनियमांत जिथे सलग सममिती (म्हणजे कितीही थोडं सरकलं तरी नियम तसेच), तिथे एखादी राशी अक्षय्य. आजचे नियम उद्याही तेच, म्हणून ऊर्जा टिकते. इथले नियम तिथेही तेच, म्हणून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) टिकतो.

कॅरम आठवा. भरपूर पावडर टाकलीय, स्ट्रायकर तिरका जाऊन कडेवर आपटतो. कडेला समांतर कुठेही सरका, सगळं सारखंच. म्हणून त्या दिशेचा संवेग (घर्षण सोडून द्या) जवळपास तसाच राहतो. काटकोनात मात्र लाकूड आडवं येतं, सममिती मोडते आणि संवेग उलटतो. रिबाउंडचा नेम आपण यावरच धरतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. विश्व प्रसरण पावतंय, म्हणजे कालची पार्श्वभूमी आज तशीच राहिलेली नाही, काळाची सममिती इथे मोडते. त्यामुळे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत ताणला जाऊन ऊर्जा गमावतो, आणि ‘ती गेली कुठे?’ याचा हिशेब जुळलाच पाहिजे असं नोएथर यांचं प्रमेय म्हणतच नाही.