झिजलेली शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) घ्यावी की चकचकीत पण अक्षरं कापलेली?

झिजलेली घ्या, फक्त 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति' वाचता येतंय ना ते बघा. शिवराईचा ठसा बहुधा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे एखादं अक्षर कडेला कापलेलं असणारच. पूर्ण मजकुराची शिवराई कमी बजेटमध्ये शोधत बसू नका.

दुसरी चकचकीत आहे, हीच तिची खोट. दोन-तीनशे वर्षांचं तांबं तपकिरी किंवा काळपट दिसायला हवं. चिंच-पितांबरीने घासलेल्या नाण्याचा मूळ थर परत येत नाही आणि जाणकार पुढे त्याला भाव देत नाहीत. कडक, गुळगुळीत हिरवा थर चालेल. नखाने भुकटी सुटणारा पोपटी हिरवा मात्र नको, तो तांबं खात राहतो.

भोक पाडलेली किंवा कडी डकवल्याची खूण असलेली स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या. अक्षरं शाबूत असली म्हणजे झालं.

आणि विक्रेता 'शिवकालीन' म्हणाला म्हणून जास्त पैसे मोजू नका. शिवराई नाणी १६७४ च्या राज्याभिषेकापासून पुढे पेशवाईभर पाडली जात होती, बाजारात बहुतेक तीच नंतरची असतात.