रूट कॅनल झाल्यावर दाढेची काय काळजी घ्यावी? दुखत नसेल तरी कॅप बसवलीच पाहिजे का?

दाढ आहे ना? मग बसवायचीच. 'दिवाळीनंतर बघू' असं नाही, लगेच.

तुम्ही लिहिलंय की मागच्या आठवड्यात खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं, ठणका पूर्ण थांबला, डॉक्टर कॅप सांगतायत आणि घरचे म्हणतायत हा सगळा पैसे काढायचा धंदा आहे. ते शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य आमच्या घरात बोललं गेलंय आणि त्यापायी माझ्या आईची दाढ गेलीय.

आई सांगलीला दादाकडे असते, मी पुण्यात. तिची खालची डावी दाढ बरेच दिवस ठणकत होती. गरम चहाचा घोट घेतला की कळ कानापर्यंत जायची. पण ती कोणाला सांगेल तर शपथ. लवंग धरून दिवस काढले. गाल सुजला तेव्हा कुठे दादाने दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी रूट कॅनल केलं, सिमेंट भरलं आणि कॅपचं माप द्यायला पुढच्या आठवड्यात बोलावलं. खर्च सांगितला 5000.

दादाने तिथेच ठरवून टाकलं. "आई, आता दुखतंय का? नाही ना? मग मेलेल्या दाताला टोपी कशाला घालायची?" आईनेही मान डोलावली, कारण स्वतःवर खर्च झालेला तिला कधीच रुचत नाही. मी फोनवर भांडले. पैसे मी पाठवते म्हटलं, तर तो आणखीच भडकला. "इथे तिचं सगळं मी बघतो. तू पुण्यात बसून शिकवू नकोस." आईचं तो करतो, मनापासून करतो, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दाढेच्या बाबतीत तो चूक होता आणि आजही आहे.

का ते सांगते. दुखणं थांबतं ते आतली नस काढलेली असते म्हणून. दाढ मजबूत झाली असा त्याचा अर्थ नाही. कीड त्या नसेला पोचते तोवर दाढ आतून बरीच पोखरलेली असते. मग मुळांच्या नळ्यांपर्यंत जायला डॉक्टरांना वरून आणखी कोरावं लागतं. उरतात त्या कडेच्या पातळ भिंती आणि मध्ये भरलेलं सिमेंट. जेवताना सगळ्यात जास्त जोर दाढांवर येतो. तो जोर लाकडात पाचर ठोकल्यासारखा त्या भिंतींना एकमेकींपासून फाकवत राहतो. कॅप त्यांना बाहेरून चहूबाजूंनी आवळून धरते, तिचं खरं काम तेच. ती दिसायला बरी म्हणून बसवत नाहीत.

आणि 'मेलेला दात' हेही अर्धवटच खरं आहे. नस गेली तरी मूळ हाडात ज्या धाग्यांनी धरलेलं असतं ते जिवंत असतात. म्हणून तर रूट कॅनलनंतर काही दिवस चावताना दाढ ठसठसते. हे हळूहळू कमी व्हायला हवं. वाढत गेलं, सूज आली किंवा ताप आला तर फोन करून थेट दवाखाना गाठा. मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणून खात बसू नका.

आईचं पुढे काय झालं ते ऐका. पावसाळा संपत आला होता. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, रोजचंच जेवण. चटणीत एक अख्खा दाणा राहिला होता, तो दाढेखाली आला आणि तिला कानात 'कट' असा आवाज आला. फार दुखलं नाही, त्यामुळे पुन्हा गप्प. हिरडीला फोड आला, जेवताना दाढेचा एक भाग हलायला लागला, तरी गप्पच. मी सांगलीला गेले तेव्हा तिचा घास एकाच बाजूला फिरताना दिसला आणि मीच तिला घेऊन गेले. मॅडमनी बारीक अवजार दाढेच्या मधोमध टेकवलं, तर दोन्ही अर्धुकं वेगवेगळी हलली. वरपासून मुळापर्यंत उभी चीर. काढण्याशिवाय इलाज नव्हता.

काढलेले तुकडे मी मागून घेऊन पाहिले. स्टीलच्या ट्रेमध्ये दोन भाग होते. चिरलेल्या मुळात गुलाबी भरण दिसत होतं, बारीक रबरी काडीसारखं, अगदी टोकापर्यंत गेलेलं. मॅडम म्हणाल्या, "भरण बघा, जसंच्या तसं आहे. दाढच चिरली."

दादा आजही चारचौघांत सांगतो की त्या डॉक्टरने रूट कॅनल नीट केलं नाही म्हणून आईची दाढ गेली. मी ती दाढ हातात घेऊन पाहिलीय. रूट कॅनल टिकलं होतं, त्याच्यावर छप्पर नव्हतं. आता इम्प्लांटचे, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या दाताचे, 30,000 सांगतात. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायचा दात, करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. आई दोन्हीला नको म्हणाली. ती आता उजव्या बाजूनेच चावते आणि भाकरी दुधात कुस्करून खाते.

तुमचं बघू. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावायचं नाही. सुपारी, फुटाणे, ऊस, बर्फ बंद. वरचं तात्पुरतं सिमेंट निघालं तर दुखत नाही म्हणून बसून राहू नका. लाळ आणि जंतू आत उतरले की सगळं पहिल्यापासून करायची पाळी येते. ब्रश नेहमीसारखाच करा, त्या दाढेला वगळू नका. कॅप बसवल्यावर उंच लागली तर 'सवय होईल' म्हणू नका. परत जा, रंगीत कागद चावायला देतात आणि खूण उमटते तिथे घासून देतात, दोन मिनिटांचं काम.

कॅप बसली की काळजी संपली असंही नाही. कॅप आणि हिरडी भेटतात त्या कडेला कीड पुन्हा लागू शकते, आणि आता नस नसल्यामुळे गार-गरम लागून ती कळणार नाही. म्हणून फटीत रोज फ्लॉस किंवा बारीक ब्रश फिरवायचा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्सरे काढायचा, काही होत नसलं तरी. रात्री दात खायची सवय असेल तर तेही त्यांना सांगा.

सगळं खायला कधी सुरुवात करायची असं विचारलंय. कॅप पक्की बसल्यावर. सुपारी मात्र तेव्हाही नको.

आता हेही सांगायला हवं की समोरचा दात असेल आणि फार किडलेला नसेल तर पुष्कळदा नुसत्या भरण्यावर भागतं. दाढेच्याही भिंती चांगल्या जाड उरल्या असतील तर एखादा डॉक्टर थांबायला सांगू शकतो, मग का ते विचारून घ्या. कॅप बसवूनही क्वचित रूट कॅनल बिघडतं, तेव्हा ते पुन्हा करावं लागतं. आणि दाताच्या रंगाची झिरकोनियाची कॅपच हवी असं काही नाही. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप उत्तम चालते आणि स्वस्त पडते. तेवढेही पैसे जमत नसतील तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी डेंटल कॉलेजं आहेत. विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. वेळ जातो, पैसे खूप वाचतात.

घरात जो कोणी 'धंदा' म्हणतोय त्यालाच पुढच्या खेपेला सोबत न्या आणि त्याच्यासमोर डॉक्टरांना विचारा, एक्सरेवर दाखवा, भिंती किती उरल्यात. त्याला पटलं तर उत्तम. नाही पटलं तरी माप त्याच दिवशी देऊन या.