ग्रीक लग्नात नवऱ्याच्या खिशात कात्री का ठेवतात?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या ग्रीक मैत्रिणीच्या लग्नाला ग्रीसला जायचंय, आणि तिथे नवऱ्याच्या खिशात कात्री ठेवतात असं कानावर आलंय. हे खरं का, आणि आपल्या हातून नकळत अपशकुन होऊ नये म्हणून काय सांभाळायचं?

खरं आहे. सगळीकडे नाही, पण गावाकडच्या लग्नांत अजून ठेवतात. माझं सासर थेस्सलीतलं, म्हणजे मध्य ग्रीसमधल्या एका प्रांतातलं. दिराच्या लग्नात सासूबाईंनी दिराच्याच कोटाच्या आतल्या खिशात छोटी कात्री सरकवली, पाती किंचित उघडी ठेवून आणि टोचू नये म्हणून रुमालात गुंडाळून. घरातल्या कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार असते, ती पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

याचं कारण म्हणून ‘वाईट नजर कापायला’ एवढंच बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते अर्धंच आहे. लग्नात ग्रीक माणसाला दोन वेगवेगळ्या भीती असतात. एक नजरेची आणि दुसरी बांधलं जाण्याची. कात्री दोन्हींवर चालते, पण मुख्य म्हणजे ती दुसरीसाठी आहे, आणि तिच्याबद्दल पाहुण्यांसमोर कुणी बोलत नाही.

बांधणं म्हणजे असं, की चर्चमध्ये पाद्री प्रार्थना म्हणत असताना कुणी हेवा वाटून गुपचूप दोरीला गाठ मारली किंवा कुलूप लावलं, तर नवऱ्याचं पौरुष ‘बांधलं’ जातं आणि संसार सुरूच होत नाही. जुन्या काळी मूल झालं नाही किंवा पहिली रात्र फसली की पहिला संशय यावर जायचा. म्हणून उपायही गाठीवरचेच. कात्री गाठ कापते. काही भागांत नवऱ्याच्या कपड्यांच्या आत मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा बांधायचे, कारण जाळ्यात आधीच इतक्या गाठी असतात की करणी त्यातच अडकून पडावी.

ही भीती किती जुनी आहे ते पाहायचं असेल तर पेल्लाचं उदाहरण घ्या. पेल्ला ही प्राचीन मॅसिडोनियाची राजधानी, थेस्सलोनिकी या उत्तर ग्रीसमधल्या मोठ्या शहरापासून फार लांब नाही. तिथे 1986 मध्ये एका कबरीत शिशाचा गुंडाळलेला पत्रा सापडला, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला. त्यावर एका बाईने लिहिलंय की थेतिमा आणि दिओनिसोफोन यांचं लग्न मी बांधून टाकते, दिओनिसोफोनने माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाशी लग्न करू नये. ही करणी ती कबरीतल्या मृताच्या हवाली करते. मला तर तो मजकूर वाचताना त्या बाईचीच जास्त दया येते. एकटी पडू नये म्हणून ती कळवळून मागणं मागते आहे.

आता नजर. ती दुष्टांचीच लागते असं ग्रीक लोक मानत नाहीत. मनापासून कौतुक करणाऱ्या मावशीचीही लागते. लग्नाच्या दिवशी तर शंभर डोळे नवरीवर, म्हणून ‘किती सुंदर दिसतेस’ म्हटलं की लगेच ‘फ्तू, फ्तू, फ्तू’ असं तीनदा थुंकल्यासारखं करायचं. नवरीच्या पोशाखाला आतून निळ्या डोळ्याचा मणी टाचलेला असतो. एवढं करूनही तिचं डोकं जड झालं, जांभया यायला लागल्या, तर घरातली जाणती बाई पाण्याच्या वाटीत ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडते. थेंब अख्खा तरंगला तर काही नाही, पाण्यात पसरून विरला तर दृष्ट लागली. मग ती पुटपुटत प्रार्थना म्हणते. ती प्रार्थना बाईने पुरुषाला आणि पुरुषाने बाईला शिकवायची, नाहीतर तिचा गुण जातो असं मानतात. ऑर्थोडॉक्स चर्च नजर लागते हे मान्य करतं, त्यावर चर्चची स्वतःची प्रार्थनाही आहे. मात्र तेलाचा हा घरगुती प्रकार पाद्र्यांना मंजूर नाही. बायका दोन्ही करतात. मला त्यात विसंगती वाटत नाही. भीती घरातली आहे, तिच्यावरचा उपाय घरातही हवा.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला समोरच दिसतील. कुंबारोस, म्हणजे लग्न लावून देणारा मानाचा मित्र, फितीने जोडलेले दोन मुकुट वधूवरांच्या डोक्यावर तीनदा आलटूनपालटून ठेवतो. मग जोडपं टेबलाभोवती तीन फेऱ्या घेतं आणि तांदळाचा वर्षाव होतो. त्याआधी तांदूळ उधळू नका. साखरेत घोळलेले बदाम नेहमी विषम संख्येने वाटतात, कारण दोघांत समान भाग पडू नयेत. बायबलच्या वाचनातल्या ‘पत्नीने पतीचा धाक बाळगावा’ या वाक्यापाशी नवरी नवऱ्याचा पाय तुडवते, तेव्हा चर्चमध्ये हशा पिकतो. लीप वर्षात आणि मे महिन्यात लग्न करणं अजून पुष्कळ घरं टाळतात.

एक खुलासा करते. हे सगळं चर्चच्या लग्नातलं, आणि चर्च बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीचं लग्न लावत नाही. माझं लग्न त्यामुळे नगरपालिकेत झालं. ग्रीसमध्ये 1982 पासून तशी सोय आहे. तरी सासूबाईंनी घराच्या उंबऱ्यावर डाळिंब फोडायला लावलं, दाणे जितके लांब उडतील तितकं चांगलं म्हणून, आणि मध-अक्रोड भरवले. कात्रीही होतीच.

तुम्ही सांभाळायचं ते थोडकंच. नवरीचं कौतुक करा, पण पाठोपाठ ‘फ्तू’ म्हणा, कुणाला गैर वाटणार नाही. मुकुटांना आणि फितीला हात लावू नका. जोडप्याला भेटताना ‘ना झीसेते’ म्हणायचं, म्हणजे दीर्घायुषी व्हा. आणि लग्नाच्या काही दिवस आधी पलंग सजवायचा कार्यक्रम असतो. तो मान अविवाहित मैत्रिणींचा. तुमची मुलगी अविवाहित असेल तर तिला नक्की पाठवा, पलंगावर टाकायला थोडे पैसे बरोबर द्या, आणि नवरीच्या बुटाच्या तळव्यावर मुलीला स्वतःचं नाव लिहून घ्यायला सांगा. नाचून नाचून जिचं नाव पुसलं जातं तिचं लग्न लवकर होतं म्हणतात.