गावाशेजारी कारखाना आला की शेती संपतेच का? युरोपातल्या खेड्यांत काय झालं?

शेती संपते असं छातीठोकपणे सांगणारे बहुतेक जण स्वतःची विकून मोकळे झालेले असतात. आमचा दादा त्यातलाच. मी तीन वर्षं स्लोव्हेनियात होतो, तिथलं सांगतो.

'गोरेन्ये' हे नाव तुम्ही फ्रिजवर वाचलं असेल. ते मुळात एका खेड्याचं नाव. 1950 साली तिथे शेतीची यंत्रं बनवणारा छोटा कारखाना निघाला, 1958 पासून तो चुली बनवायला लागला. पुढे जवळच्या वेलेन्येला गेला, अवाढव्य वाढला, 2018 मध्ये चिनी हायसेन्सने घेतला. खेडं आहे तिथेच आहे. मी त्याच्या शेजारच्या गावात भाड्याने राहायचो.

माझा घरमालक सकाळी सहाच्या पाळीला जायचा, दोनला सुटायचा, तीनला ट्रॅक्टरवर. अशा माणसाला तिकडे 'पोलकमेत' म्हणतात, म्हणजे अर्धा शेतकरी. स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियात होता, आणि 1953 पासून तिथे शेतकऱ्याला 10 हेक्टरच्या वर शेतजमीन ठेवता येत नव्हती. तेवढ्यात भागेना, मग घरातला एक जण कारखान्यात.

जूनमध्ये त्याच्याबरोबर गवत भरायला गेलो. तिकडे 'कोझोलेत्स' असतो : उभे खांब, त्यांना आडवे वासे, वर छप्पर. ऐन उन्हाळ्यात पाऊस पडतो, म्हणून गवत वाशांवर टांगून वाऱ्यावर वाळवतात. मी आपला कडब्याची गंजी रचावी तसं ठासून भरलं. तो काहीच बोलला नाही. पहाटे पाचला उठलेला माणूस, पण माझे चार वासे पूर्ण उपसले आणि मूठ मूठ झटकून परत सैल टांगले. मग मधून हात घालून दाखवला, इथून वारा गेला पाहिजे. साडेनऊपर्यंत हेच चाललं होतं.

दोन्हीतलं एक सोडत का नाहीस, असं एकदा विचारलं. म्हणाला, "कोणतं सोडू? पगारातून ट्रॅक्टरचं डिझेल येतं."

आमच्या दीड एकराच्या वेळी दादा म्हणाला होता, दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाही. एमआयडीसीमुळे भाव आला होता, विकून टाकली. मला शनिवार-रविवार सुट्टी होती हो! मी करणार होतो. पण धाकट्याचं कोण ऐकतं.

आता हेही सांगतो की सगळ्याच गावांचं असं झालं नाही. त्याच खोऱ्यात शोश्तान्यजवळ कोळशाच्या खाणीमुळे जमीन खचली, जुन्या द्रुझमिर्ये गावाच्या जागी आज तळं आहे. तिथे कसला पोलकमेत! आणि माझ्या घरमालकाचा मुलगा गवताला हात लावत नव्हता, त्यामुळे पुढचं मला विचारू नका.

तुमची जमीन असेल तर विकण्याआधी कारखान्यात पाळीच्या वेळा विचारून या. दुपारी दोनला सुटत असेल तर घरातल्या थोरल्यांना माझं नाव सांगा.