धरण भक्कम आहे, मग ‘उच्च धोका’ कसा?

प्रश्न : नौकाविहार आणि मासेमारीसाठी आमच्या संस्थेचं 7 मीटर उंचीचं मातीचं धरण आहे. भेग नाही, खचलेलं नाही. तरी तपासणीत ‘उच्च धोका’ वर्ग मिळाला. दुरुस्ती करून वर्ग खाली येईल का?

उत्तर : दुरुस्तीने नाही. धोक्याचा वर्ग धरणाची प्रकृती सांगत नाही. ते फुटलंच तर खालच्या बाजूला काय होईल, तेवढंच सांगतो. सर्वसाधारणपणे तीन वर्ग असतात. नुकसान मुख्यतः मालकाच्या जमिनीपुरतं असेल तर कमी. रस्ता, पूल, वीजवाहिनी बाधित होणार पण जीव जाण्याचा संभव नसेल तर मध्यम. एकाही माणसाचा जीव जाण्याची शक्यता दिसली की उच्च. धरणाच्या स्थितीचा शेरा वेगळा असतो. तुमचा तो चांगला आहे, एवढंच.

म्हणूनच बांधाचा दगडही न हलता वर्ग बदलू शकतो. ओढ्याकाठी चार घरं उभी राहिली की झालं. खाली नवं बांधकाम दिसलं की फुटीचं विश्लेषण पुन्हा करून घ्या, आणि ते दोन्ही परिस्थितींचं हवं : पुरात फुटणं आणि स्वच्छ हवेत, तलाव भरलेला असताना अचानक फुटणं. दुसऱ्यात पाणी कमी असलं तरी कोणी सावध नसतं. नकाशावर प्रत्येक घरापाशी पाण्याची खोली, वेग आणि लाट पोहोचायला लागणारी मिनिटं हवीत. 60 सेंमी वाहत्या पाण्यात बहुतेक मोटारी तरंगू लागतात. वर्ग उतरवायचा तर तलावाची पातळी कायमची कमी करावी लागते, नाहीतर खालची वस्ती हलवावी लागते.

प्रश्न : मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी आणि 30 सेंमीच्या फळ्या लावल्या आहेत. चालेल?

उत्तर : दोन्ही आजच काढा. सांडव्यावरचा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने बदलतो. 6 मीटर रुंद सांडव्यावर 60 सेंमी पाणी चढलं तर सेकंदाला सुमारे 4.7 घनमीटर जातं. तलावाची पातळी तीच, पण फळ्यांमुळे वर 30 सेंमीच पाणी उरलं, तर जेमतेम 1.7. म्हणजे क्षमता जवळजवळ एक तृतीयांशावर येते. जाळीत पानं-फांद्या अडकल्या की तेवढीही राहत नाही, आणि त्या अडकतात नेमक्या पुरातच. मग पाणी मातीच्या माथ्यावरून जातं, आणि माती ते सोसत नाही.

पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण असंच एका मासेमारी-शिकार क्लबचं होतं. सांडव्यावर माशांसाठी जाळ्या होत्या, बग्ग्यांच्या सोयीसाठी माथा उतरवलेला होता, आणि आधीच्या मालकाने काढलेले तळाचे नळ परत बसवले नव्हते. त्यामुळे पाणी चढू लागल्यावर तलाव उतरवायला मार्गच नव्हता. 31 मे 1889 रोजी ते फुटलं आणि 2,200हून अधिक माणसं गेली.

प्रश्न : बांधाच्या पायथ्याशी कायम ओल असते. बुजवावी का?

उत्तर : बुजवू नका, मोजा. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. ते चरातून एका जागी आणून 90 अंशांची व्ही-आकाराची खाच असलेली पट्टी बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी 5 सेंमी चढलं तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, 10 सेंमी चढलं तर जवळजवळ साडेचार. उंची पट्टीच्या थोडं मागे, संथ पाण्यात वाचा. सोबत तलावाची पातळी लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

पातळी तीच असताना पाझर वाढला किंवा पाणी गढूळ झालं, तर आतून माती वाहून जातेय. अशा वेळी चिकणमाती थापली की दाब आत अडकतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. तोंडावर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर द्या : पाणी बाहेर यावं, माती आत राहावी. लगेच अभियंत्याला बोलवा, खालच्या घरांना सावध करा आणि तळाची झडप उघडा. एरवी पातळी दिवसाला 30 सेंमीपेक्षा जास्त उतरवू नये, कारण आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो. पण गढूळ धार वाढत असेल तर तो धोका पत्करावाच लागतो. झडप वर्षातून दोनदा तरी पूर्ण उघडून बंद करून पाहिलेली नसेल, तर त्या दिवशी ती फिरेलच असं धरू नका.